एकाच लेन्सचे तीन निकाल, खरा कोणता?

प्रश्न : नमस्कार सर. मी गोंदिया तालुक्यातला. घरी धानाची शेती आहे, जोडीला लग्न-बारशाचे फोटो काढतो. कॅमेरा निकॉन डी7200, लेन्स 70-300 मिमी. सारसाचे फोटो काढायला ती कमी पडते. यंदा धानाच्या चुकाऱ्यातून थोडे पैसे देतो म्हणून बाबा तयार झाले, तर 150-600 घ्यायची आहे. सिग्माची कंटेम्पररी घ्यावी की टॅमरॉनची जी2, एवढंच ठरवायचं होतं. पण शार्पनेसच्या टेस्ट वाचायला बसलो आणि डोकं फिरलं. एका ठिकाणी आकडे दोन हजारांच्या वर, दुसरीकडे तीस-चाळीसच्या घरात, तिसरीकडे मेगापिक्सेलमध्ये. एकात सिग्मा पुढे, एकात टॅमरॉन. शेवटी वहीत तक्ता आखला, सगळ्यांचे शंभरपैकी गुण करून सरासरी काढली, तर दोन्ही लेन्स सारख्याच आल्या. मित्र म्हणतो, लेन्सचं सोड, कॅमेराच बदल. कोणाचं खरं मानू?
एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर : भाऊ, तक्ता आखायची मेहनत दिसते, पण ती सरासरी कशाचीच नाही. ओलं धान एका काट्यावर तोललं, वाळलेलं दुसऱ्यावर, तिसऱ्याने पोत्यासकट तोललं आणि मग तिघांची सरासरी काढली, तर हाती काय येणार? तिघांचे काटे बरोबर असतील, तरी बेरीज चुकीचीच. तुमच्या तिन्ही टेस्टचं तसंच आहे. त्यातली कुठलीही खोटी असेलच असं नाही, फक्त त्या एका ओळीत मांडायच्या नाहीत.

आधी हे लोक मोजतात काय ते बघू. तक्त्यावर काळ्या-पांढऱ्याची एक कड थोडी तिरपी छापलेली असते, साधारण पाच अंशांत. तिचा फोटो काढायचा आणि काळ्यातून पांढऱ्यात जायला किती पिक्सेल लागले, हे सॉफ्टवेअरने मोजायचं. या पद्धतीला आयएसओ 12233 हे मानक आहे. त्यातून कळतं, की रेषा किती बारीक झाल्यावर काळ्या-पांढऱ्यातला फरक निम्म्यावर येतो. तोच एमटीएफ50. दोन हजारांचा आकडा आणि तीस-चाळीसचा आकडा, दोन्ही बहुधा याचेच आहेत, फक्त एकक वेगळं. पहिला फोटोच्या अख्ख्या उंचीत किती रेषा मावल्या ते सांगतो, दुसरा सेन्सरच्या एका मिलीमीटरमध्ये रेषांच्या किती जोड्या मावल्या ते.

एकातून दुसरं काढता येतं. जोड्यांना दोनने गुणा, मग सेन्सरच्या उंचीने गुणा. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरची उंची 24 मिमी, म्हणजे 40 जोड्यांचे 1920 झाले. तुमच्या डी7200 चा सेन्सर 15.6 मिमी उंच, तिथे त्याच 40 जोड्यांचे 1248 होतात. लेन्स तीच, मिलीमीटरमागे रेषा तेवढ्याच, पण एका टेस्टमध्ये एकोणीसशे आणि दुसरीत बाराशे! टेस्ट करणाऱ्याने कोणती बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, वापरली हे न बघता तुम्ही या दोन आकड्यांचे शंभरपैकी गुण केले असतील, तर तुलना तिथेच संपली.

बरं, एवढं गणित करून दोन्ही आकडे एका एककात आणले तरी ते जुळतील असं समजू नका. कारण हा आकडा एकट्या लेन्सचा नसतोच. लेन्स, सेन्सर, सेन्सरपुढचा, चित्र किंचित मऊ करणारा लो-पास फिल्टर आणि फोटो उघडणारं सॉफ्टवेअर, या सगळ्यांचा मिळून तो येतो. डी7200 चा फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलचा, त्यामुळे उंचीत 4000 च्या वर रेषा त्यात खऱ्या अर्थाने मावूच शकत नाहीत, लेन्स कितीही भारी लावा. हीच लेन्स 12 मेगापिक्सेलच्या जुन्या बॉडीवर मोजली तर आकडा खाली येतो, 45 मेगापिक्सेलच्या बॉडीवर मोजली तर वर जातो. म्हणून सहा-सात वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन टेस्टमध्ये नवी लेन्स पुढे दिसली, तर त्यातला मोठा वाटा नुसत्या नव्या बॉडीचा असू शकतो. फोटोझोन ही लेन्स तपासणारी वेबसाइट, जी आता ऑप्टिकल लिमिट्स नावाने चालते, तिथे कॅननच्या लेन्स आधी 8 मेगापिक्सेलच्या 350डी वर तपासल्या जायच्या, मग 15 मेगापिक्सेलच्या 50डी वर. वेगवेगळ्या सिस्टीमचे आकडे एकमेकांशी ताडू नका असं ते लोक स्वतःच लिहितात. वाचणारा थेट आलेखावर जातो, ती ओळ कोण वाचतो!

तुमचा तिसरा, मेगापिक्सेलवाला आकडा डीएक्सओमार्क या टेस्ट करणाऱ्या वेबसाइटचा असणार. त्यांनी तो 2012 मध्ये आणला. लेन्स आणि बॉडी यांची जोडी मिळून डोळ्याला जाणवणारे किती मेगापिक्सेल देते, ते तो सांगतो. तिथे बॉडी बदलून बघा, आकडा लगेच बदलेल. तुमच्या वहीतला आकडा डी7200 च्या जोडीचा होता की फुल फ्रेम डी800 च्या, हे आधी तपासा.

शार्पनिंगचीही एक भानगड आहे. कोणी कॅमेऱ्यातून निघालेली जेपीईजी मोजतं, कोणी रॉ, म्हणजे कच्ची फाइल शार्पनिंग शून्यावर ठेवून मोजतं. शार्पनिंग वाढवलं की कड टोकदार दिसते आणि एमटीएफ50 फुगतो. लेन्सच्या अंगी एक कणही वाढलेला नसतो. कोणी फक्त मधला आकडा देतं, कोणी मध्य, कडा आणि कोपरे मिळून एकच भारित सरासरी देतं. तुम्हाला सारस हवा. तो फ्रेमच्या मध्यात किंवा थोडा बाजूला असणार, कोपऱ्यात राहतील धानाची पाती. कोपऱ्यांमुळे मार्क कापलेली लेन्स तुमच्या कामाला तितकीच चांगली असू शकते. लग्नातल्या पन्नास माणसांच्या ग्रुप फोटोला मात्र हेच उलटं. तिथे टोकाला उभे असलेले मामा पुसट आले की पैसे देताना कुरकुर होते. पण त्या कामाला तुम्ही 150-600 लावणार नाही.

कंपनीच्या पत्रकातल्या आलेखांवर तर अजिबात तुलना करू नका. कॅनन आणि निकॉन 10 आणि 30 रेषाजोड्यांचे आलेख देतात, झाइस 10, 20 आणि 40 चे. झाइसचे प्रत्यक्ष मोजलेले असतात, बहुतेकांचे संगणकावर काढलेले. सिग्मा दोन तऱ्हेचे देते, एकात प्रकाशाच्या विवर्तनाचा, म्हणजे लेन्सच्या भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्याचा, हिशेब धरलेला असतो, दुसऱ्यात नसतो. विवर्तन न धरलेला आलेख साहजिकच देखणा दिसतो.

आता तुमच्या लेन्सपुरती खास गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 600 मिमीवर तक्त्याचा फोटो काढायचा तर उभं कुठे राहायचं? तुमच्या क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर 1 मीटर रुंद तक्ता फ्रेम भरून हवा असेल तर साधारण 25 मीटर मागे जावं लागतं. फुल फ्रेमवर तेच जवळपास 17 मीटर. एवढी लांब खोली किती जणांकडे असते? म्हणून बरेच जण छोटा तक्ता लावून जवळून मोजतात. 10 मीटरवरून मोजलं तर क्रॉप बॉडीच्या फ्रेममध्ये जेमतेम 39 सेंटिमीटर रुंदीचा तक्ता बसतो. आणि झूम लेन्स 10 मीटरवर जशी वागते तशीच 150 मीटरवर वागेल याची हमी नाही. एखादी जवळून सरस आणि लांबून बेताची, दुसरी बरोबर उलट. एकात सिग्मा पुढे आणि एकात टॅमरॉन, याचं एक कारण एवढंच असू शकतं.

दुसरं कारण म्हणजे नग. प्रत्येक टेस्टवाल्याकडे बहुतेक वेळा एकच नग आलेला असतो. अमेरिकेत लेन्सरेंटल्स नावाची भाड्याने लेन्स देणारी कंपनी आहे. तिचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकेका मॉडेलचे दहा-दहा नग ऑप्टिकल बेंचवर लावून मोजले आणि आलेखात सरासरीच्या रेषेभोवती पट्टा काढून दाखवला, की नगागणिक निकाल किती हलतो. तो पट्टा बघितल्यावर टेस्टमधल्या बारीक फरकांवर भांडायची इच्छा उरत नाही. झूम लेन्समध्ये तर काचा जास्त, सरकणारे भाग जास्त, म्हणून फरकही जास्त. दोन टेस्टमध्ये पाच-सात टक्क्यांनी कोणी पुढेमागे असेल, तर तो मॉडेलचा फरक आहे की त्या दिवशी हाती आलेल्या नगाचा, हे सांगता येत नाही.

मग टेस्ट वाचायच्याच नाहीत का? वाचा, पण एका वेळी एकच. ज्या ठिकाणी दोन्ही लेन्स एकाच बॉडीवर, एकाच माणसाने मोजल्या असतील तेवढीच टेस्ट घ्या. त्यातही आकडा बाजूला ठेवून आलेखाचा कल बघा. 300 ते 600 मध्ये लेन्स किती उतरते? 600 ला पूर्ण उघडी, म्हणजे एफ/6.3 वर कशी आहे आणि एफ/8 वर किती सुधारते? दोन्ही लेन्स 600 ला एफ/6.3 च्याच आहेत आणि या वर्गातल्या झूम एफ/8 ला सावरतात. एफ/11 नंतर आकडे पुन्हा खाली येताना दिसतील. तो विवर्तनाचा परिणाम, लेन्सचा दोष नाही. पण सूर्य उगवताना, पाणथळीवर अजून धुकं असताना तुम्ही एफ/8 वर जाणार नाही, प्रकाशच नसतो. म्हणून एफ/8 चे मार्क बघून लेन्स निवडू नका, एफ/6.3 चे बघा. अशा दुसऱ्या एखाद्या टेस्टमध्येही तोच कल दिसला, तर त्यावर भरवसा ठेवा. कल उलटा निघाला, तर दोन्ही लेन्स सारख्या धरा आणि बाकीच्या गोष्टींवर ठरवा.

तुम्ही ज्या अंतरावरून काढणार त्याचा हिशेब करू. 150 मीटरवर दीड मीटर उंचीचा सारस 600 मिमीने घेतला, तर तुमच्या सेन्सरवर तो 6 मिमी उंच येतो, म्हणजे सुमारे 1500 पिक्सेल. एक पिक्सेल म्हणजे पक्ष्याच्या अंगावरचा जवळपास एक मिलीमीटर. तक्त्यावरचा पाच टक्क्यांचा फरक या ठिकाणी कोणाच्या डोळ्याला दिसणार नाही. तो गिळायला बाकीचे बसलेलेच आहेत. पहिली हवा. आपल्याकडे मार्चपासून सकाळी नऊ वाजले की बांधीवरून वाफ हलायला लागते. व्ह्यूफाइंडरमध्ये पक्ष्याचे पाय नागमोडी दिसले, की समजायचं आता लाखाची लेन्सही काही करू शकत नाही. हिवाळ्यात पहाटे तलावाचं पाणी हवेपेक्षा गरम असतं, तेव्हाही असंच होतं, फक्त ते लवकर लक्षात येत नाही. गाडीत बसून काढत असाल तर तापलेल्या बोनेटवरून कधी काढू नका. लोक अशा फोटोंचा दोष लेन्सला देतात आणि लेन्स विकून मोकळे होतात. दुसरा, शटर. 600 वर, क्रॉप बॉडीवर, स्टॅबिलायझर असला तरी उभ्या पक्ष्यालाही 1/1000 च्या आसपास राहा. कॅमेऱ्यातला आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपायची संवेदनशीलता, वाढला तर वाढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

आणि फोकस. तुमची बॉडी डीएसएलआर आहे. तिचा फोकस सेन्सर आणि लेन्स यांचं सूत जुळलं नाही, तर फोकस पक्ष्याच्या डोळ्याऐवजी मागच्या पातीवर बसतो. उलट टेस्टवाला लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर मोठं करून, हाताने फोकस लावून मोजतो, म्हणून त्याच्या आकड्यात हा घोळ दिसत नाही. डी7200 मध्ये ऑटोफोकसची ही चूक दुरुस्त करायची एएफ फाइन ट्यून नावाची सोय आहे, ती वापरा. पण त्यात एका लेन्सला एकच आकडा देता येतो. झूमच्या वेगवेगळ्या टप्प्यांना वेगळी दुरुस्ती हवी असेल तर सिग्माचा यूएसबी डॉक किंवा टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल लागतो. तो वेगळा विकत घ्यावा लागतो, बजेटमध्ये धरा.

आता निवड. वजन दोघींचं दोन किलोच्या आसपास, फिल्टर दोघींना 95 मिमीचाच. टॅमरॉन 2.2 मीटरपर्यंत जवळ फोकस करते, सिग्मा 2.8 पर्यंत. टॅमरॉनचा पाय वेगळी प्लेट न लावता थेट आर्का-स्विस पद्धतीच्या ट्रायपॉड हेडवर बसतो. सारसासाठी यातलं काहीही निर्णायक नाही. म्हणून माझं मत सरळ आहे : जी लेन्स गोंदियात किंवा नागपुरात दुकानात तुमच्या बॉडीवर लावून बघता येईल आणि आठवड्याभरात बदलून मिळेल, ती घ्या. बदलून द्यायचं बिलावर लिहून घ्या. वॉरंटी कार्ड भारतातलंच हवं. थोडं स्वस्त पडतं म्हणून बिलाशिवाय घेऊ नका. दुकानदार भेट म्हणून साधा यूव्ही फिल्टर लावून देईल, तो घरी आल्यावर काढून ठेवा. 600 मिमीपुढे स्वस्त काच लावली की चांगली लेन्सही मऊ होते.

लेन्स घरी आणल्यावर तुमची टेस्ट तुम्हीच करा, आणि ती आठवड्याच्या आत. वर्तमानपत्राचं निविदा सूचनांचं पान घ्या, त्याहून बारीक अक्षर कुठे छापत नाहीत. पाच तुकडे कापा. गावातल्या झेडपी शाळेच्या सपाट भिंतीवर साधारण 1.1 मीटर बाय 70 सेंटिमीटरच्या चौकटीत एक मध्ये आणि चार कोपऱ्यांत चिकटवा. हेडमास्तरांना विचारून, नाहीतर नवी भानगड. सूर्य उगवल्यावर तासाभरात, हवा गार असताना 30 मीटरवर ट्रायपॉड लावा, कॅमेरा भिंतीला अगदी समोरासमोर. स्टॅबिलायझर बंद, लाइव्ह व्ह्यू चालू, टायमर लावून 600 ला एफ/6.3 आणि एफ/8 वर काढा. या अंतरावर एक पिक्सेल म्हणजे भिंतीवरचा 0.2 मिमी, तेव्हा दोन मिमीचं अक्षर दहा पिक्सेलचं आलं. मधलं पान वाचता आलं पाहिजे. कोपऱ्यातली पानं मधल्यापेक्षा थोडी मऊ असतील, ते चालतं. पण चारांपैकी एकच कोपरा किंवा एकच बाजू पार बिघडलेली असेल, तर आधी कॅमेरा वाकडा नव्हता ना ते बघून पुन्हा काढा. तरीही तसंच आलं तर आतली काच सरकलेली आहे. तो नग परत करा, दुकानदाराने कितीही समजूत घातली तरी. मग लाइव्ह व्ह्यू बंद करून, व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकसने तेच मधलं पान काढा. फोकस दरवेळी बाहेरून नव्याने येऊ द्या. हे फोटो लाइव्ह व्ह्यूच्या फोटोपेक्षा सतत मऊ येत असतील, तर फाइन ट्यूनचं काम आहे. कधी चांगले, कधी वाईट येत असतील, तर नग बदला. असं भरकटणारं फोकसिंग फाइन ट्यूनने सुधारत नाही.

मित्र कॅमेरा बदल म्हणतो, त्याला सध्या थांब म्हणा. 24 मेगापिक्सेल, लो-पास फिल्टर नाही, पक्ष्यांसाठी डी7200 आजही पुरते. नव्या बॉडीवर टेस्टचा आकडा वाढेल, पण तुमच्या बांधीवरची वाफ तेवढीच राहील. आणि पावसाळ्यात रोवणीनंतर सारसाची जोडी उभ्या धानात घरटं करते, तेव्हा 600 हातात आहे म्हणून धुऱ्यावरून आणखी पुढे सरकू नका. उलट 600 घेतली ती लांब राहता यावं म्हणूनच.

उरलेल्या पैशांतून ट्रायपॉड चांगला घ्या. गाडीच्या खिडकीसाठी बीनबॅग विकत घ्यायची गरज नाही. जाड कापडाची पिशवी घरीच शिवून तीन-चार किलो धान भरा, अगदी ठोसून नको, लेन्स आत रुतली पाहिजे. पावसात भिजली की लगेच रिकामी करून वाळवा, नाहीतर पिशवीतच पऱ्हे उगवतील.